आवाज येतो, शब्द निसटतात: कानाच्या तपासणीपासून दाखल्यापर्यंत

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेलं माझ्या कानांचं हे प्रकरण नोव्हेंबरात एकदाचं मार्गी लागलं. मधल्या काळात कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या ओळखीच्या लोकांचे इतके फोन आले, की प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. मी डॉक्टर नाही. फौंड्रीत फेटलिंगला सुपरवायझर होतो. सुरुवात उद्यमनगरात हेल्पर म्हणून, नंतर सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत. ओतलेलं कास्टिंग साच्यातून बाहेर आलं की रायझर, म्हणजे कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा धातूचे तुकडे, तोडायचे, चिपिंग हॅमर आणि ग्राइंडरनं कडा साफ करायच्या, हे आमचं खातं. तिथं माणसं बोलतात ती एकमेकांच्या ओठांकडं बघून, नाहीतर हातवारे करून.

त्यामुळं ऐकू कमी येतंय हे कामावर कळायचा प्रश्नच नव्हता. कळलं घरी, आणि तेही आडवळणानं. मला आवाज सगळे यायचे. ट्रकचा हॉर्न, दारावरची थाप, वरच्या मजल्यावर सरकवलेला पलंग, सगळं. शब्द मात्र निसटायचे. मुलीनं साठ रुपये मागितले, मी आठ काढून दिले. तिला वाटलं बाबा गंमत करतायत. थर्मामीटरची पीप सगळ्यांना ऐकू जायची, मी तो काखेत तसाच धरून बसायचो. रात्री दिवा घालवला की डाव्या कानात किर्र आवाज सुरू. बायको स्वयंपाकघरातनं हाक मारायची, मग बाहेर येऊन मोठ्यानं, "अवो, मगाधरनं हाका मारतोय, ऐकू येत न्हाई व्हय?" आणि त्यावर मी, "वरडतीस कशाला एवढं?" दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो. ते कसं, हे पुढं येईल.

राजारामपुरीतल्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडं गेलो. तपासणी फी 500 रुपये. उजव्या कानात मळ होता, तो काढला. हाच सगळा दोष निघावा अशी मनात फार आशा होती, पण फरक शून्य. मग त्यांनी ट्युनिंग फोर्क काढला, म्हणजे वाजवला की एकच ठरावीक सूर देणारा धातूचा चिमटा, 512 हर्ट्झचा. तो वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवला, नंतर कानासमोर धरला आणि विचारलं, कुठं मोठा वाटतो? मला समोर मोठा वाटला. मग कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज उजवीकडं सरकल्यासारखा झाला. एवढ्यावर ते म्हणाले, "पडदा आणि त्यामागची हाडं ठीक दिसतात. प्रश्न आतल्या कानाचा आहे. डावा जास्त."

त्यानंतर जी प्रश्नावली झाली, ती मी सगळ्यांना आधी घरी बसून लिहून न्यायला सांगतो, कारण ऐनवेळी आठवत नाही. टीबी झाला होता का, तेव्हा इंजेक्शनं घेतली का? किडनीचा त्रास? कधी जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन चढवलं होतं? मलेरियासाठी क्विनाईन? कॅन्सरचं औषध, विशेषतः सिस्प्लॅटिन? लहानपणी गालगुंड, गोवर, मेंदूज्वर? शुगर? डोक्याला मार? घरात कुणी तरुणपणीच बहिरं झालं? चक्कर येते का? यातल्या प्रत्येक गोष्टीनं आतला कान जाऊ शकतो. मला तरुणपणी टीबी झाला होता आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ते औषध ऐकण्यापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर जास्त जातं. पण तुमच्या कानात औषधाचा वाटा किती आणि ग्राइंडरचा किती, हे आता वेगळं काढून सांगता येणार नाही. आलेख काय सांगतो ते बघू.

आलेख म्हणजे ऑडिओमेट्री, ऐकण्याची तपासणी. त्यासाठी एक अट: आदल्या दिवशीपासून मोठ्या आवाजात जायचं नाही. शिफ्ट करून तसंच गेलं तर कान तात्पुरता बधिर झालेला असतो आणि निकाल आहे त्यापेक्षा वाईट येतो. मी साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधीची वेळ घेतली. खर्च 700 रुपये.

एक छोटी बंद खोली, जाड दार, भिंतींना फोम. हेडफोन लावायचा आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या शांततेत माझा स्वतःचा किर्र आवाज एवढा वाढला की मशीनचा कुठला आणि माझा कुठला हे कळेना. घाम फुटला. परीक्षेत नापास होतोय असं वाटायला लागलं. ऑडिओलॉजिस्ट ताई वयानं मुलीएवढी. तिनं दार उघडून विचारलं, "काका, कानात आवाज येतो का?" हो म्हटल्यावर तिनं सलग सुराऐवजी तुटक तुटक सूर दिला. टुक, टुक, टुक. तो लगेच ओळखू यायला लागला. ज्यांना असा आवाज येतो त्यांनी हे आधीच सांगावं, विचारायची वाट बघू नये.

निकालाच्या कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. डावीकडून उजवीकडं सूर बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, होत जातो (तो हर्ट्झमध्ये), वरून खाली कमजोरी वाढत जाते (ती डेसिबलमध्ये). 500 हर्ट्झला माझा उजवा कान 20 डेसिबलवर होता, म्हणजे चांगला. 2000 ला 45. 4000 ला 70. आणि 8000 ला परत वर येऊन 55. डाव्याचं हेच, फक्त आणखी खाली. 4000 ला 80. तिनं 4000 च्या खड्ड्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, "काम काय करता?"

पुढची पंधरावीस मिनिटं तिनं जे सांगितलं त्यासाठी तिचे आभार मानावे तेवढे थोडे. पडद्यावर आवाज आपटला की मागची तीन हाडं हलतात. त्यातलं शेवटचं, म्हणजे रिकीब, आतल्या कानाच्या छोट्या खिडकीवर दट्ट्यासारखं दाबलं जातं. आत पावणेतीन वेटोळ्यांची शंखाकृती नळी आहे, कॉक्लिया, तिच्यात पाणी. त्या पाण्यात लाट उठते आणि एका लांब पातळ पडद्यावरनं पुढं जाते. बारीक सूर खिडकीजवळच त्या पडद्याला जास्तीत जास्त हलवतात, जाड सूर पार टोकापर्यंत जाऊन. ही लाट शोधून काढणारा गेऑर्ग फॉन बेकेशी मूळचा टेलिफोन खात्यातला माणूस. त्याला 1961 चं नोबेल मिळालं. (हे मी घरी येऊन वाचलं. आपल्यासारखा कारखानदारीतला माणूस कानाच्या नोबेलपर्यंत गेला हे बघून उगीच बरं वाटलं.)

या आतल्या पडद्यावर केसपेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार, बस्स. त्यातल्या आतल्या ओळीतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडं निरोप पाठवतात. बाहेरच्या ओळींतल्या बाकीच्या पेशी स्वतः आखडतात, लांबतात आणि हळू आवाजाला वर उचलतात. मोठ्या आवाजानं या पेशींवरचे तंतू वळिवानं ऊस लोळावा तसे आडवे होतात. रात्रभर विश्रांती मिळाली तर बरेचसे परत उभे राहतात. म्हणूनच शिफ्टनंतर कान सुन्न वाटतात आणि सकाळी सुटतात. हेच रोज झालं की पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. कारखान्यातल्या आवाजाचा पहिला घाला पडतो तो 4000 हर्ट्झच्या आसपासच्या पेशींवर. आलेखातला खड्डा तो.

आता साठाचे आठ का झाले ते बघा. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दणकट; ते माझ्याकडं शाबूत. स, श, फ, ख, थ यांचा जीव वरच्या बारीक सुरांत, ते गेले. म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, आणि समोरचाच पुटपुटतोय असं वाटतं. बायकोच्या भांडणाचं उत्तरही यातच आहे. हळू आवाज उचलून धरणाऱ्या बाहेरच्या पेशी गेल्या, त्यामुळं हळू बोललेलं पोचत नाही. पण मोठा आवाज आतल्या पेशींना मदतीशिवाय पोचतोच, आणि तो पूर्वीइतकाच मोठा लागतो. 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नको' यांच्यामधली जागा फार थोडी उरते. मी हे घरी जाऊन कागदावर चित्र काढून समजावलं. बायको म्हणाली, "म्हंजे मी मधल्याच आवाजात बोलाय पायजे तर." अगदी तेच. समोर येऊन, तोंड दिसेल असं, मधल्या आवाजात.

डावा कान उजव्यापेक्षा एवढा कमी का, याचं कारण मला माहीत होतं: सुपरवायझरच्या टेबलाच्या डाव्या हाताला शेकआउट मशीन, साचा हादरवून कास्टिंग मोकळं करणारं. तरी डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. दोन कानांत असा फरक असला की श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, याची खात्री करावी लागते, म्हणाले. अशी गाठ क्वचित असते आणि बहुतेकदा कॅन्सरची नसते. पण 'गाठ' हा शब्द एकदा ऐकला की मागचं पुढचं काही डोक्यात शिरत नाही. 7,500 रुपये आणि रिपोर्टची दोन दिवसांची वाट. त्या दोन दिवसांत मी पीएफचे कागद आणि विम्याची पॉलिसी काढून ठेवली होती, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. एक लक्षात ठेवा, एमआरआयचं मशीन स्वतःच भयंकर आवाज करतं. कानाचा पेशंट असलात तरी बोळे मागून घ्या, आणि ते नीट बसल्याशिवाय आत जाऊ नका.

मग औषध काय? काही नाही. हे ऐकायला जड गेलं. मेलेल्या पेशींना गोळी नाही. नस मजबूत करणाऱ्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका, असं डॉक्टरांनीच सांगितलं. उरलेलं सांभाळायचं आणि श्रवणयंत्र लावायचं.

यंत्राचा महिना एप्रिल. भाव ऐकून आधी परत फिरलो. एका कानाचं 15,000 पासून लाखाच्या वर. शेवटी कानामागं बसणारी, बारीक वायर आत जाणारी जोडी 56,000 ला घेतली. घेण्याआधी ट्रायल मागितली आणि घरी नेऊन वापरली. जो दुकानदार ट्रायलला नाही म्हणेल तिथं घेऊ नये असं माझं मत आहे. यंत्र आपल्या आलेखाप्रमाणे लावलं जातं, हळू आवाज जास्त उचलायचा आणि मोठा कमी. म्हणून ऑनलाइन मिळणारी, सगळंच मोठं करणारी स्वस्त यंत्रं आमच्यासारख्यांच्या कामाची नाहीत. उलट उरलेल्या कानाला घातकच. पुढच्या सेटिंगचे पैसे पडणार का, हे बिलावर लिहून घ्या. पहिल्या महिन्यात सेटिंग बरेचदा बदलावं लागतं.

पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज कशाचा आला असेल? प्लास्टिकच्या पिशवीचा. राजारामपुरीतनं बाहेर पडलो, कोपऱ्यावर केळी घेतली, आणि पिशवी उघडताना चुरचुर अशी काही झाली की मी हात मागं घेतला. स्वतःच्या चपलांचा आवाज, नळाची धार, वर्तमानपत्राचं पान. संध्याकाळपर्यंत डोकं उठलं. ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं: सुरुवातीला घरात दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवा, मेंदूला हे आवाज पुन्हा शिकावे लागतात. महिना गेला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात यंत्राला दमट हवेनं दगा देऊ नये म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. ती डबी 300 रुपयांना मिळाली.

आता कामाचं. कंपनीत सेफ्टी ऑफिसरनं मीटर आणून माझ्या टेबलाशी मोजलं: 98 ते 101 डेसिबल. कारखान्यांच्या तेव्हाच्या नियमांत आठ तासांसाठी 90 ची मर्यादा होती. कानाचे डॉक्टर मात्र 85 धरतात, आणि वर प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगतात. 88 ला चार तास, 91 ला दोन. या हिशेबानं 100 ला पाव तास. आमची शिफ्ट आठ तासांची, वर ओव्हरटाइम. बोळे कंपनी पूर्वीपासून देते, पण बहुतेक पोरं ते कानाच्या दारात नुसते टेकवतात. फोमचा बोळा बोटांत वळून सुतळीएवढा बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागं ओढायचा, आत घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरायचं. बाहेर निम्मा दिसत असेल तर तो बसलेला नाही.

डॉक्टरांचं पत्र देऊन मी खातं बदलून मागितलं. 'बघू' मध्ये दोन महिने गेले. जूनमध्ये डिस्पॅचला बदली झाली. पगार तोच, ओव्हरटाइम गेला, महिन्याला जाणवतं. कागदाच्या बाबतीत एवढं माहीत असू द्या: आवाजामुळं येणारा बहिरेपणा तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, आणि ज्या डॉक्टरांना तो कामगारात आढळेल त्यांनी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं असायचं (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली). महाराष्ट्रात ते काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं आहे. तेव्हा महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, वाट होती. माझा पगार त्या मर्यादेच्या वर, त्यामुळं मी त्या वाटेनं गेलो नाही आणि तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही.

युनियनमधल्या एका जुन्या मित्राचा सल्ला पडला, "भावा, दाखला काढून ठेव. टक्के किती का येईनात, सरकारी कागदावर नोंद पायजे." म्हणून दिव्यांगत्वाच्या दाखल्यामागं लागलो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सहीचा फोटो. माझं आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि रेशनकार्डावर फक्त आद्याक्षर, त्यामुळं आधी ते जुळवण्यात वेळ गेला. ज्यांना हे करायचंय त्यांनी सगळ्यात आधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघावं. अर्ज गेला की नोंदणी क्रमांकाची पावती निघते, तिच्या दोन झेरॉक्स काढा.

ती घेऊन सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जायचं. कानाच्या तपासणीचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून जा. खासगी ऑडिओमेट्री चालत नाही. ती सोबत न्या, पण तपासणी तिथलीच धरतात. वर बेराची चाचणी होते. यात बटण दाबायचं नसतं. कपाळाला आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक देतात आणि मेंदूकडं जाणारा निरोप मशीन परस्पर टिपतं. त्यामुळं सोंग चालत नाही, आणि खऱ्याला खोटं ठरण्याची भीतीही नाही. आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. मला जुलैअखेरची तारीख मिळाली होती, पण तेव्हाच पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती राहून गेली. पुढची सप्टेंबरात मिळाली, अनंत चतुर्दशी झाल्यावर. मी विसर्जनानंतरचीच मागितली होती. मिरजकर तिकटी ते पापाची तिकटी या पट्ट्यात त्या रात्री मिरवणुकीच्या दणदणाटानं छाती हादरते, तिथं उभं राहून आठवड्याभरात कान तपासायला जाण्यात अर्थ नाही. त्या वर्षी मिरवणूक लांबूनच पाहिली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. आणि हो, श्रवणयंत्र बंद करून कानात ठेवणं म्हणजे बोळा घालणं नव्हे.

टक्केवारीचा हिशेब आधी समजून घेतला असल्यानं निराशा झाली नाही. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झची सरासरी काढतात, त्यावरून प्रत्येक कानाचे टक्के. मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचनं गुणून त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहानं भागायचं. म्हणजे सगळा भार चांगल्या कानावर. एक कान ठार गेला आणि दुसरा शाबूत असला तर दाखल्यावर फार काही येत नाही. शिवाय आमच्यासारख्यांचे जाड सूर शाबूत असल्यानं सरासरी चांगली दिसते. शब्द कळत नाहीत, पण आकडा ठीकठाक. माझे टक्के 40 च्या खाली आले. सरकारी सवलती बहुतेक 40 पासून, तेव्हा सवलत नाही. नोव्हेंबरात दाखला पोर्टलवरून उतरवून घेतला, कार्ड पोस्टानं घरी आलं. दाखला कंपनीच्या फाईलला लावून पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून.

एक वेगळी गोष्ट, माझ्या बाबतीत न घडलेली, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलेली. माझा कान वर्षानुवर्षं झिजत गेला. काहींचा एका रात्रीत जातो, सकाळी उठल्यावर एका कानानं काहीच ऐकू येत नाही. त्याला सर्दी किंवा मळ समजून आठवडा काढू नये, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जावं. तिथं स्टेरॉइडनं फरक पडू शकतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर शक्यता जास्त. उशीर झाला की तोही माझ्याच रांगेत.

डिस्पॅचला असलो तरी डबा खायला मी फेटलिंगच्या पोरांतच बसतो. त्यातल्या दोघांनी परवा विचारलं, कानात किर्र होतंय, काय करू? त्यांना ऑडिओमेट्रीचा पत्ता दिलाय. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्या म्हटलं, आणि 700 रुपये बरोबर ठेवा, तिथं उधार नाही.